अण्णांचा शटरचा टीव्ही: दुरुस्तीच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

गावातलं घर पाडायचं एकदाचं ठरलं. पाडवा झाला की जेसीबी, आन् पावसाळ्याच्या आत स्लॅब, असं धाकट्या भावाचं नियोजन. गाव औसा तालुक्यात, आम्ही दोघं भाऊ लातुरात, घरी फक्त अण्णा न आई, तेही आपापल्या हट्टानं. आज सामान काढायला सुरुवात केली तर कोठीच्या खोलीत कणगीमागं पोत्याखाली टीव्ही निघाला. मला वाटायचं तो कधीच भंगारात गेला असंल. आईनं म्हणे एकदा भांडेवालीला द्यायला काढला होता, अण्णांनी देऊ दिला नाही, पण नीट ठेवलाही नाही, पोतं टाकलं न विसरून गेले.

वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी खोकं, पुढं आडवं सरकणारं शटर आणि शटरला कुलूप. चार पायांपैकी तीन शिल्लक. चॅनलचं बटण गायब, नुसता दांडा बाहेर आलेला. मागच्या पुठ्ठ्याला आतल्या बाजूनं प्लास्टिकच्या पिशवीत पावती चिकटवलेली, दिवाळी १९८६, ३,४५० रुपये. अण्णा तेव्हा झेडपीच्या शाळेत मास्तर, म्हणजे दोन-तीन पगार तरी त्यात गेले असणार. पावती दाखवली तर अण्णा बराच वेळ बघत बसले न म्हणाले, दुकानदारानं पन्नास रुपये कमी करतो म्हणलं होतं, केले नाहीत. ३८ वर्षं झाली, हिशोब अजून उघडाच.

तर प्रकल्प असा: पाडव्याला, घर पाडायच्या आधी, त्याच खोलीत त्याच जागी हा टीव्ही चालू करायचा. एकदाच. पुढं कुठं ठेवायचा ते पुढं बघू. बायको म्हणाली, आधी घराचा नकाशा मंजूर करून घ्या. तेही बरोबरच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

मागचा पुठ्ठा काढला. आत उंदरानं संसार मांडून सोडला होता. ज्वारीचे दाणे, कापूस, आमच्या कुठल्यातरी वहीचं चावलेलं पान, न ट्रान्सफॉर्मरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर. दोन वायरी कुरतडलेल्या. सायकलच्या पंपानं धूळ उडवली, अर्धी माझ्याच नाकात गेली.

पोरगं (वय १४) शेजारी बसलेलं. म्हणालं, बाबा एवढं मोठं खोकं न आत एवढंच? नळीची (पिक्चर ट्यूबची) शेपूट त्याला दाखवली, मान केवढी बारीक असते ते. डायरेक्ट प्लगात घालून बघू का म्हणाला, तर ओरडलोच त्याच्यावर. ह्या जुन्या सेटांत बऱ्याचदा चॅसिसलाच लाईट असते, पिन उलटी बसली की सगळा पत्रा जिवंत. नळीच्या डोक्यावरच्या रबरी टोपीखाली तर दहा-पंधरा हजार व्होल्ट, न बंद केल्यावरही आत राहतात. लहानपणी आम्ही ह्याच टीव्हीच्या काचेला हात लावून केस उभे करायचो, बंद करताना चटचट आवाज यायचा न मजा वाटायची. मागचा पुठ्ठा काढायची हिंमत मात्र अण्णांचीसुद्धा नव्हती.

शटरची किल्ली अण्णांकडं निघाली! ट्रंकेत, रेडिओच्या लायसन्सच्या पुस्तकाबरोबर. पोस्टाचे शिक्के मारलेलं ते पुस्तक पोराला दाखवलं, रेडिओ ऐकायला सरकारला पैसे भरायचे म्हणलं तर त्याला ते मोबाईलच्या रिचार्जसारखंच वाटलं, म्हणजे नवल काहीच नाही.

किल्लीचं मात्र आमच्याशी वैर होतं. परीक्षा आली की शटर बंद, कुलूप, किल्ली अण्णांच्या कोपरीच्या खिशात. अण्णा झोपले की अक्का ती काढायची, मी दाराशी पहारा. पण शटर सरकवताना ते खडखडखडखड वाजायचं, पूर्ण आळीला कळावं असं. एकदाच जमलं, तेही पुढं बघितलं तर नुसत्या मुंग्या. कार्यक्रम संपून गेलेले होते. रात्री टीव्ही बंदसुद्धा होतो, म्हणजे दिल्लीहूनच बंद होतो, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

टीव्ही छोट्या टेम्पोत घालून लातूरला आणला. गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात, वय सत्तरीच्या पुढं. आता मिक्सर न पंखे करतात. बघितल्याबरोबर म्हणाले, "इसका क्या करते अब? भंगार में डालो." मी म्हणलं चाचा, पाडव्याला चालू करायचाय. "किसलिए?" मी सांगितलं, घर पडायलंय. चाचा काही बोलले नाहीत, चष्मा पुसला न म्हणाले, "हौ. छोडके जाव."

सोडून नाही गेलो, बसूनच राहिलो. त्यांनी सिरीज बोर्ड काढला, म्हणजे टीव्ही न लाईटच्या मधी शंभर वॅटचा बल्ब. टीव्ही आत शॉर्ट असंल तर बल्ब भकभक पेटतो न टीव्ही वाचतो. बल्ब फुल्ल पेटला. चाचा खूश, म्हणजे रोग सोपा. बीवाय-१२७ चे दोन डायोड गेलेले, न मेन फिल्टरचा कंडेन्सर फुगलेला. डायोड त्यांच्या डब्यात पडलेलेच होते. अख्ख्या हिंदुस्थानचे टीव्ही-रेडिओ ज्यावर चालले ती वस्तू चहाच्या पैशात.

काम करताना डावा हात खिशात. मी विचारलं असं का, तर म्हणाले उस्तादानं शिकवलं होतं, जिवंत सेटमधी एकच हात घालायचा, दोन्ही घातले की करंट छातीतून जातो. मग म्हणाले १९८७-८८ ला, रामायण लागायचं तेव्हा, रविवारी दुकान उघडायची सोय नव्हती, पहाटेच लोक टीव्ही डोक्यावर घेऊन दारात, "चाचा साडेनऊच्या आत करा." हिंदू-मुसलमान सगळेच. त्यांच्या दुकानातला रिपेरीला आलेला एक सेट तेवढ्या वेळापुरता फूटपाथवर काढून ठेवायचे न बोळ भरून जायचा.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

फोन आला, कंडेन्सर मिळाला. बाकी काम नाही. साबुदाण्यानं पोट गच्च.

२ मार्च, रविवार

नळी पेटली!! शेपटीत तो तांबूस उजेड दिसला न मला उगंच गहिवरून आलं, चाचा म्हणाले अजून पिच्चर कुठाय. पडद्यावर मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ, बास. वर-खाली काहीच नाही. म्हणजे व्हर्टिकल (चित्र वर-खाली ताणणारा भाग) गेलंय. चाचांनी लगेच ब्राइटनेस उतरवला, नाहीतर ती रेघ काचेवर कायमची जळते म्हणे.

तासभर शोधाशोध. शेवटी एक हजार मायक्रोफॅराडचा कंडेन्सर वाळून गेलेला न त्याच्या बाजूला ड्राय सोल्डर. बदलला, डाग दिला, रेघ ताणत ताणत वर-खाली गेली न पूर्ण पडदा उजळला. मुंग्याच मुंग्या. पोराला म्हणलं बघ, ह्याला आम्ही मुंग्या म्हणायचो. म्हणाला, हे काय बघायचं? आम्ही बघायचो रे. लाईट आली न कार्यक्रम सुरू व्हायला वेळ असला की मुंग्यांसमोरच बसायचो, मग रंगीत पट्टे (आमच्याकडं राखाडी पट्टे), मग ते गोल फिरत फिरत येणारं दूरदर्शनचं चिन्ह न सनईसारखं संगीत. ते चिन्ह सुरू झालं की आई स्वैपाकघरातून ओरडायची, "लागलं का?"

आता लक्षात येतंय, ती नेहमी तिथूनच ओरडायची.

९ मार्च, रविवार

आता खरी पंचाईत. टीव्ही चालू आहे, पण दाखवायचं काय? हवेतून येणारं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण दूरदर्शननं २०२२ पर्यंत जवळपास सगळीकडचं बंद करून टाकलं. आता डिश न सेटटॉप बॉक्स. ह्या टीव्हीला मागं फक्त दोन स्क्रू, चपट्या अँटेना वायरचे. ना लाल-पांढरी-पिवळी पिन, ना काही.

उपाय म्हणजे मॉड्युलेटर. डीव्हीडी प्लेयरमधून निघालेलं चित्र एका छोट्या डबीत घालायचं, डबी त्याचं चॅनल बनवते न अँटेनाच्या जागी देते. म्हणजे घरातल्या घरात दूरदर्शन केंद्र. ऑनलाइन मागवलं, आलं, लावलं, काहीच दिसंना. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कळालं, ती डबी चॅनल बनवती यूएचएफवर (वरच्या फ्रिक्वेन्सीवर), न आमच्या टीव्हीला फक्त व्हीएचएफ (खालची), बारा चॅनलचा कटकट दांडा. परत पाठवली. दुसरी मागवली, ही अमेरिकन चॅनल तीन-चारची, व्हीएचएफवाली.

दांडा पकडीनं फिरवावा लागतो. बारा चॅनल होते न आमच्या अख्ख्या लहानपणात लागायचं एकच, तरी पाहुण्यांची पोरं आली की सगळे बारा फिरवून बघायची.

१५ मार्च, शनिवार

कालची धुळवड अंगातून गेली नाही तोच गावाकडं. अण्णांचं म्हणणं, अँटेना पाहिजेच. मी म्हणलं अण्णा आता अँटेनाचं काम नाही, हवेत काहीच नाही. त्यांनी ऐकलं का नाही माहीत नाही (मशीन कानात असतं पण बॅटरी नसती). "अँटेना लाव मग बघ कसं स्वच्छ येतंय."

मग लावली. गोठ्याच्या छपरावर पडलेली होती, तीन काड्या मोडलेल्या. माळवदावर चढलो. ज्यांनी माळवद बघितलं नाही त्यांच्यासाठी, लाकडी तुळया, त्यावर फळ्या, पालापाचोळा न वर चांगली हातभर माती, पावसाळ्याच्या आधी पांढरी माती पसरून चोपून घ्यायची. उन्हाळ्यात खाली गारवा असा की कूलरची गरज नाही. पण वर नाचायचं नाही, भेगा पडतात न पावसाळ्यात बरोबर अंथरुणावर गळतं. आणि टीव्ही आल्यापासून वर नाचणं हेच माझं काम झालेलं. तेव्हाचे छोटे ट्रान्समीटर शंभर वॅटचे, पंचवीस-एक किलोमीटरच्या पुढं जीव नाही, आमचं गाव बरोबर काठावर. वारा सुटला, कावळा बसला, की मुंग्या. मग मी वर पाइप धरून, अक्का अंगणात, अण्णा आत.

"आलं का?"
"नाही! जरा उत्तरेला!"
"आता?"
"आलं आलं आलं... गेलं!"
"आता?"
"हां! तिथंच थांब!"

तिथंच थांब म्हणजे खरंच तिथंच. हात सोडला की जायचं. एक अख्खा क्रिकेटचा डाव मी पाइप धरून अक्काच्या तोंडून ऐकलाय, न तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "एकजण पळाला. परत पळाला. आता सगळे बसले." पुढं अंबाजोगाईच्या मोठ्या टॉवरचं लागायला लागलं तेव्हा माझी सुटका झाली.

आज पाइप बांधून खाली उतरताना पाय पुढच्या भिंतीच्या चिरेवर पडला. ती चीर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून सगळे उशिरा येऊन मेल्यासारखे झोपलेले, न पहाटे ३:५६ ला. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. आमच्या गावात भिंती फुटल्या, माणसं वाचली. तिकडं दगडमातीच्या जाड भिंती न वरून हे एवढं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. बावन्न गावं होत्याची नव्हती झाली, हजारो माणसं गेली. टीव्ही टेबलावरून खाली आला न त्याचा पाय मोडला, तो हाच चौथा पाय. नळी फुटली नाही ह्याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही.

मग कितीतरी महिने शेतात पत्र्याच्या शेडात. लाईट आल्यावर अण्णांनी टीव्ही तिथं नेला, विटांवर ठेवला. बातम्या लागल्या न दिल्लीच्या बाईच्या तोंडून आपल्याकडच्या गावांची नावं आली, ती आम्हाला ऐकायची सवयच नव्हती. टीव्हीत नेहमी दुसऱ्याचं असायचं. गल्लीतले सगळे शेडाच्या दारात उभे. एका नावाला मागून कुणीतरी हुंदका दिला, तिचं माहेर होतं. अण्णांनी टीव्ही बंद केला. शटर लावलं, कुलूपही लावलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत ते उघडलं नाही.

भाऊ म्हणतो माळवद पाडलंच पाहिजे. मी काही बोलत नाही, तो म्हणतो ते बरोबर आहे.

२३ मार्च, रविवार

दुसरी डबी आली. चपट्या वायरीसाठी बलून (पाऊणशे ओहमची गोल केबल ते तीनशेची चपटी, असा एक छोटा तुकडा) चाचांच्या डब्यात निघाला. डीव्हीडी प्लेयर पीएएलवर (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीवर) लावला, पेनड्राइव्ह घातला, दांडा चारवर, बारीक ट्यूनिंग फिरवत फिरवत गेलो न एकदम चित्र! स्वच्छ! चाचा सुद्धा पुढं सरकले.

आवाज नाही. नुसतं भुसभुस.

चाचांनी डबी उघडली, भिंगातून बघितली न हसायला लागले. आपल्याकडं चित्र न आवाज ह्यांच्यात साडेपाच मेगाहर्ट्झचं अंतर असतं, अमेरिकेत साडेचारचं. डबी अमेरिकन. म्हणजे चित्र टीव्हीला सापडतंय, आवाज बाजूच्या गल्लीत बोंबलत फिरायलाय. आतल्या कॉइलचा कंडेन्सर साधारण दोन तृतीयांश केला की साडेपाचवर येईल म्हणे, पण तेवढा बारीक तुकडा त्यांच्याकडं नाही, मागवावा लागंल, आठवडा तर जाईलच. मी म्हणलं आवाज डायरेक्ट टीव्हीच्या आत जोडू की. "चॅसिस में लाईट है बेटा. पाडवे के दिन मरने का क्या?" नको.

रात्री आईला फोन केला, म्हणलं चित्र येतंय पण आवाज येत नाही, रामायण लावायचं का दुसरं काही? थोडा वेळ शांत. मग म्हणाली, "म्या कुठं चित्र बघितलंय रं. म्या तर आवाजच ऐकलाय."

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "पन्नास माणसं बसायची. च्या कोण करणार?"

२४ मार्च, सोमवार

झोप लागली नाही म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

रामायण २५ जानेवारी १९८७ ला लागलं न ३१ जुलै १९८८ ला संपलं, ७८ भाग, रविवारी सकाळी साडेनऊ. मी ते सगळे पुढं बसून बघितले. मला आठवतं ते असं: नऊपासून सतरंज्या, टीव्हीला हळदीकुंकू, उदबत्ती, ढेळजेत चपलांचा ढीग, न त्या ढिगाची राखण माझ्याकडं कारण एकदा गावातलं कुत्रं एकाची कोल्हापुरी घेऊन गेलतं. मोठ्या बशीत सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची) फिरायची, चहा फिरायचा. तो आपोआप यायचा. माझ्या आठवणीत तो चहा कुणी आणतच नाही, हात दिसतो, बांगड्या दिसतात, बास.

स्वैपाकघर भिंतीपलीकडं. दार टीव्हीच्या बाजूच्या भिंतीला, म्हणजे तिथून टीव्हीची पाठ पण दिसत नाही. चुलीवर पातेलं, मागं आज्जी, पुढं पाहुण्या बायकांची बाळं. आईनं ७८ भाग तिथून ऐकले. मी विचारलं, मग लॉकडाऊनला परत लागलं होतं की, २०२० ला, तेव्हा बघितलं ना? म्हणाली, बघितलं दोन-चार दिवस, पण चेहरेच ओळखू येईनात. डोळे मिटले की बरोबर कळायचं कोण बोलायलंय. मग डोळे मिटूनच बसले न झोप लागली.

आणखी एक. आमच्या आठवणीतलं "सगळं गाव एकत्र बसून बघायचं" हे पण तपासून घ्यायला पाहिजे. सगळं गाव आत नव्हतं. वेशीपलीकडच्या वस्तीतली पोरं खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभी राहायची. त्यांना आत येऊ नका असं कुणी म्हणलेलं मला आठवत नाही. म्हणायची गरजच नव्हती, त्यांना न आम्हाला दोघांनाही माहीत होतं. त्यातला एक माझ्या वर्गात होता, वर्गात एका बाकावर न रविवारी खिडकीत. पाडव्याला त्याला फोन करणार आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी टेम्पो. टीव्ही जागेवर, मोडक्या पायाखाली विटा. गुढी माळवदावर अँटेनाच्या पाइपाला बांधली, दुसरीकडं आधारच नव्हता. अण्णा नवं धोतर नेसून साडेआठपासून टीव्हीसमोर. अक्का निलंग्याहून आली, तात्या, शेजारच्या काकू, त्यांच्या सुना, पोरं धरून वीस-पंचवीस माणसं. चपलांचा ढीग झाला. पोराला म्हणलं राखण कर, तो म्हणाला सगळ्यांचे क्रॉक्स सारखेच आहेत, कुणाचे कुणाला कळणार.

वर्गमित्र आला. पुण्याला कंपनीत असतो, सणाला आलेला. आत यायच्या ऐवजी अंगणातून वळसा घालून सरळ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, गज धरले न हसून म्हणाला, "माझी जागा हीच." कुणाला काय बोलावं ते सुचेना. आई उठली, बाहेर गेली, त्याच्या दंडाला धरून आत आणलं न सतरंजीवर बसवलं. तोही बसला. ह्याच्यावर पुढं कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

साडेनऊला अण्णांनी कुलूप काढलं. खडखडखडखड. नळी तापायला वेळ लागतो, आधी काळं, मग मधून उजेड पसरत पसरत चित्र. चित्रकूटचा भाग लावलेला, भरत भेटायला येतो तो. आवाज शून्यावर. पोरं दोन मिनिटं गप्प, मग चुळबूळ.

आईला मुद्दाम मधोमध खुर्ची ठेवली होती, ती बसली स्वैपाकघराच्या उंबऱ्याला टेकून. जरा वेळानं म्हणाली, "हा कोण?"

अण्णांना ऐकू गेलं नसणारच, पण त्यांनी तिच्याकडं बघितलं न सांगितलं, "भरत. जटावाला. तो मागं शत्रुघ्न."

मग आईनं सुरू केलं. भरत आता काय म्हणतोय, राम का नाही म्हणतोय, कुठं वसिष्ठ मधी बोलतात. शब्दाला शब्द नाही, आपल्या बोलीत, पण कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, ते सगळं तिला येत होतं. कधी ती पुढं जायची न ओठ मागं राहायचे, कधी ओठ पुढं. अडलं की "आता हा कोण?" न अण्णा नाव सांगायचे. पोरांची चुळबूळ थांबली. माझं पोरगं मोबाईल काढून रेकॉर्डिंग करायलं होतं, ते पण मधीच ठेवून दिलं.

पादुका डोक्यावर घेतल्या तिथं आई थांबली. म्हणाली, "असा घेऊन जातो होय? मला वाटायचं हातात धरून."

मग एकदम उठली. अक्का म्हणाली कुठं चाललीस, बस की. "च्या ठेवते. एवढी माणसं आलीत."

अक्का न मी दोघंही उठलो, तिला खाली बसवलं न आम्ही आत गेलो. साखरेचा डबा कुठाय ते आम्हाला सापडलं नाही, बाहेर येऊन तिलाच विचारावं लागलं.

६ एप्रिल, रविवार

मंगळवारी माळवद उतरवलं. तुळया चांगल्या निघाल्या, भाऊ म्हणतो दाराच्या चौकटी करू. अण्णा-आई आमच्याकडं लातुरात. टीव्ही हॉलमधी, बायकोनं तात्पुरता म्हणून परवानगी दिलीय.

चाचांनी डबीतला कंडेन्सर बदलला, कॉइलची गिट्टी पेचकसानं अर्धा आटा फिरवली. आज लावून बघितलं, आवाज आला. थोडा घोगरा, स्पीकरचा कागद जुना झालाय, पण खणखणीत. मी आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडलो, "आई, आवाज आला! ये बघायला!"

स्वैपाकघरातून म्हणाली, "लक्ष्मण बोलायलाय."

म्हणलं ये की बाहेर.

"दूध ठेवलंय. जरा मोठ्यानं कर."

बाकी कामं: चौथा पाय सुताराकडून करून घेणे. चॅनलचं बटण कुठं मिळालं तर बघणे. चाचांचे पैसे, घ्यायला तयार नाहीत, काहीतरी करून देणे.